भूत तपासावे कसे? होतकरू डॉक्टरांसाठी सोपी मार्गदर्शिका

दवाखाना बरा चालतो आहे, हाताला गुण आहे, नावामागे पदव्यांची शेपटी आहे, आणि तरीही जिवंत माणसांच्या खोकल्याचा कंटाळा आला आहे, अशा डॉक्टरांसाठी ही मार्गदर्शिका आहे. मृतांच्या क्षेत्रात डॉक्टरांना मोठा वाव आहे. पेशंट आधीच वारलेला असल्यामुळे तो दगावण्याची भीती नाही. नातेवाईक तोडफोड करत नाहीत, उलट डोळे पुसत आभार मानतात. मेडिक्लेमचे कागद भरावे लागत नाहीत. अडचण एकच आहे : पेशंट श्वास घेतो की नाही, हे कळायला मार्ग नाही. ती अडचण कशी सोडवायची, हे पायरी ६ मध्ये सांगितले आहे.

यातली एकही पायरी आमच्या मनची नाही. पॅरिसचे डॉक्टर शार्ल रिशे (१८५०–१९३५) यांनी प्रत्येक पायरी स्वतः चढून दाखवली आहे. रिशे म्हणजे कोणी गंडेदोरे देणारे बुवा नव्हेत. पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत ते शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते आणि १९१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना एकट्याला मिळाले होते. असा माणूस भुताला नळीत फुंकर मारायला लावतो, तेव्हा ‘म्हातारचळ लागला’ म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. पण फुंकरीच्या वेळी रिशे पंचावन्न वर्षांचे होते आणि डोके शाबूत होते. तेव्हा नवशिक्यांनी ती पळवाट धरू नये.

साहित्य

वैद्यकीय पदवी, १ (चांगल्या कॉलेजची). वडिलोपार्जित पैसा, लागेल तेवढा. काळोखी खोली, १. जाड पडदा, १. मॅग्नेशियमची पूड, फ्लॅशसाठी. कॅमेरे, मिळतील तितके. बॅरिटाचे पाणी, एक बाटली. माध्यम म्हणून बसणारी बाई, शक्यतो ओळखीतल्या सभ्य घरातली, म्हणजे संशय घेणे असभ्यपणाचे ठरते. जादूगार मात्र बोलावू नये. जादूगार खोलीत असला की आत्मे रुसतात, असा सर्व देशांतला अनुभव आहे.

पायरी १ : आईवडील नीट निवडा

भूतसंशोधनात मिळकत शून्य, खर्च भरपूर. रिशेंचे वडील आल्फ्रेड रिशे हे पॅरिसमधले नामांकित सर्जन आणि प्राध्यापक. त्यामुळे पोटासाठी रोगी तपासत बसण्याची वेळ मुलावर आली नाही. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर कार्केरान इथे घर होते आणि जवळच्या रुबो नावाच्या चिमुकल्या बेटावर आणखी एक. तुम्हाला बेट परवडत नसेल तर फार्महाउस चालेल, मोबाइलला रेंज नसलेले बरे.

पैशाबरोबर कुतूहलही हवे. रिशेंना कुठल्याच विषयाचे वावडे नव्हते. त्यांनी कविता आणि नाटके लिहिली, युद्धविरोधी चळवळीत भाग घेतला, कुत्रा धापा टाकून अंग कसे थंड ठेवतो याचा अभ्यास केला. ब्रेगे बंधूंना उडते यंत्र बांधायलाही मदत केली. हेलिकॉप्टरचा हा पणजोबा १९०७ साली जमिनीपासून थोडासा वर उठला, पण कलंडू नये म्हणून चार माणसांनी त्याला चारही बाजूंनी धरून ठेवले होते. धरून ठेवलेली वस्तू आपण होऊन तरंगते आहे, असे मानण्याची सवय पुढे उपयोगी पडते.

पायरी २ : प्रतिष्ठित दाराने आत शिरा

पहिल्याच दिवशी स्मशानात जाऊ नका. सुरुवात संमोहनापासून करा. रिशे विद्यार्थी होते, त्या काळी संमोहन हा जत्रेतल्या तंबूचा विषय होता. शिकलेल्या डॉक्टरांच्या लेखी संमोहित झालेला माणूस एक तर सोंगाड्या, नाही तर त्याला झोपवणारा लबाड. रिशेंनी १८७५ मध्ये, म्हणजे पंचविशीत, एका शास्त्रीय नियतकालिकात लेख लिहून सांगितले की ही अवस्था खरी आहे आणि तिचा अभ्यास व्हायला हवा. पुढे काही वर्षांतच शार्को यांच्यासारख्या दिग्गजाने साल्पेत्रिएर रुग्णालयात संमोहनाला मानाचे पान दिले.

तरुण डॉक्टराने यातून काय शिकावे? वडीलधारे हसले होते आणि वडीलधारेच चुकले होते. हा धडा फार गोड असतो. यापुढे कोणी हसले की आपण बरोबर वाटेवर आहोत, अशी खात्री पटू लागते. ती पटू द्यावी. तिच्याशिवाय पुढच्या पायऱ्या चढता येत नाहीत.

पायरी ३ : पत्ते पिसा आणि मोजा

ही पायरी काळजीपूर्वक वाचा, कारण इथे थट्टा करण्यासारखे काही नाही.

एका माणसाच्या मनातले दुसऱ्याला कळते का? त्या काळी या प्रश्नावर लोक किस्से सांगत. रिशेंनी किस्से बाजूला ठेवले. पिसलेल्या जोडातून एकाने पत्ता काढायचा आणि बघायचा. दुसऱ्याने तो इस्पिक, बदाम, किलवर की चौकट, एवढेच सांगायचे. चारांतला एक अंदाज नुसत्या नशिबानेही बरोबर यायचा. १८८४ मध्ये त्यांनी २,९२७ प्रयत्नांचा हिशेब छापला. नशिबाने ७३२ बरोबर यायला हवे होते, आले ७८९.

सत्तावन्न जास्त. हा आकडा डोळ्यांत भरण्याइतका मोठा नाही आणि कानाडोळा करण्याइतका लहानही नाही. त्यातून निघालेला निष्कर्ष टिकला नाही, पद्धत मात्र टिकली. निवड चिठ्ठी काढल्यासारखी आंधळेपणाने करायची, मग नशिबाने किती यावे आणि प्रत्यक्ष किती आले याची तुलना करायची. आज नवे औषध बाजारात येण्याआधी रोग्यांचे दोन गट असेच आंधळेपणाने पाडतात. या पद्धतीच्या जन्मकथेत विज्ञानाचे इतिहासकार रिशेंच्या पत्त्यांची दखल घेतात.

इथेच थांबलात तर आयुष्यभर आदराने ओळखले जाल. पण तीन हजार वेळा पत्ते ओढून झाल्यावर कोणालाही वाटते, की आता काहीतरी हलावे, टेबल तरी. मग पुढे चला.

पायरी ४ : अंधारात हात धरायला शिका

टेबल हलवण्यासाठी त्या काळी युरोपात एकच नाव होते, युझापिया पाल्लादिनो. नेपल्सची ही बाई गरिबीत वाढली होती, लिहिता-वाचता येत नव्हते, पण तिच्यासमोर बसायला प्राध्यापकांची रीघ लागे. मिलानमधल्या १८९२ च्या बैठकांना रिशे हजर होते. गुन्हेगारांच्या कवट्या मोजणारे डॉक्टर लोंब्रोझो आणि मंगळावर रेषा पाहणारे खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेल्ली हेही होते. १८९४ मध्ये रिशेंनी तिला रुबो बेटावर नेले. सोबत इंग्लंडचे पदार्थवैज्ञानिक ऑलिव्हर लॉज, लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चचे फ्रेडरिक मायर्स आणि पोलंडचे ओखोरोविच. बेटावर दुसरे कोणी नाही, म्हणजे बाहेरून मदतनीस येण्याची शक्यता नाही. बंदोबस्त चोख होता.

बंदोबस्ताची रीत अशी. बाई टेबलाशी बसते. डावीकडचा गृहस्थ तिचा डावा हात सांभाळतो, उजवीकडचा उजवा. दिवा मालवतो. बाई कण्हू लागते, अंगाला झटके बसतात, दोन्ही हात थरथरत टेबलावर इकडेतिकडे सरकतात आणि हळूहळू एकमेकांजवळ येतात. एका झटक्यात उजवीकडच्याची पकड क्षणभर सुटते. तो अंधारात चाचपडतो, त्याला लगेच हात सापडतो आणि तो निश्चिंत होतो. त्याला सापडलेला हात डावाच असतो. आता एका हाताला दोन विद्वान राखणदार आणि दुसरा हात मोकळा. मग पडदा फुगतो, टेबल उठते, कोणाच्या तरी पाठीवर थाप पडते.

१८९५ मध्ये केंब्रिजच्या बैठकांत रिचर्ड हॉजसन या तपासनीसाने मुद्दाम पकड सैल ठेवली आणि हा हात सुटताना टिपला. इंग्रज मंडळींनी बाईंवर फुली मारली. रिशे आणि लॉज यांचे म्हणणे पडले, की सैल सोडल्यावर बाई लबाडी करतात हे तर ठाऊकच आहे, घट्ट धरल्यावर काय होते ते बोला.

नवशिक्यांनी इथला नियम पाठ करावा : माध्यम पकडले गेले तर त्या दिवशीचे खोटे, पकडले गेले नाही तर त्या दिवशीचे खरे. या नियमाने चालल्यास अपयश येत नाही.

पायरी ५ : मधल्या काळात नोबेलच्या तोडीचा शोध लावा

ही पायरी गाळू नका. भुतांवर बोलणाऱ्या डॉक्टराचे लोक ऐकून घेतात, ते त्याने आधी एखाद्या कुत्र्यावर केलेल्या कामामुळे.

१९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या बोटीवर रिशे आणि पॉल पोर्तिए समुद्रसफरीला निघाले. राजेसाहेबांना समुद्री जिवांचा नाद होता. त्यांनी सुचवले की पाण्यावर तरंगणाऱ्या फायसालिया या डंख मारणाऱ्या जिवाचे विष तपासून पाहा. पॅरिसला परतल्यावर फायसालिया मिळेना, म्हणून दोघांनी समुद्रफुलाच्या सोंडांचा ग्लिसरीनमध्ये अर्क काढला आणि तो कुत्र्यांना टोचून किती विष किती बाधते हे मोजू लागले.

त्यातला नेपच्यून हा धिप्पाड, निरोगी कुत्रा. पहिल्या थोड्याशा मात्रेने त्याला काही झाले नाही. बावीस दिवसांनी, तो ठणठणीत असताना, त्याला तेवढीच मात्रा पुन्हा दिली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे आता त्याच्या शरीराला विषाची थोडी सवय झालेली असायला हवी होती. लशीचे तत्त्वच ते. प्रत्यक्षात काही सेकंदांत कुत्र्याला धाप लागली, पाय ओढत तो एका कुशीवर पडला, जुलाब झाले, रक्ताची उलटी झाली आणि पंचवीस मिनिटांत तो गेला.

दुसऱ्या एखाद्याने वहीत ‘अर्क बहुधा बिघडला होता’ असे लिहून नवा कुत्रा घेतला असता. रिशे आणि पोर्तिए यांनी तसे केले नाही. पहिली मात्रा शरीराला वाचवण्याऐवजी हळवे करून ठेवू शकते, इतके की दुसऱ्या वेळी अगदी थोडक्यानेही जीव जावा, हे त्यांनी १९०२ मध्ये मांडले आणि त्याला ‘अ‍ॅनाफायलॅक्सिस’ हे नाव दिले. शेंगदाण्याने, मधमाशीच्या डंखाने, पेनिसिलिनच्या सुईने माणूस काही मिनिटांत का कोसळतो, याचा उलगडा तिथून सुरू होतो. या शोधात आपली हुशारी फार नाही, डोळ्यांसमोर आले ते बघायला नकार दिला नाही एवढेच आपले श्रेय, अशा अर्थाचे रिशे सांगत.

विनय खरा होता आणि म्हणणेही खरे होते. वडीलधाऱ्यांचा सिद्धांत एकीकडे आणि डोळ्यांना दिसलेले दुसरीकडे, अशी वेळ त्यांच्यावर संमोहनात एकदा आली होती, आता कुत्र्यात दुसऱ्यांदा आली. दोन्ही वेळा त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि दोन्ही वेळा डोळे जिंकले. आता तिसऱ्या वेळेची तयारी पूर्ण झाली.

पायरी ६ : भुताचा श्वास तपासा

स्थळ : अल्जीयर्स, व्हिला कार्मेन. काळ : ऑगस्ट १९०५. यजमान : निवृत्त फ्रेंच सेनाधिकारी जनरल नोएल आणि त्यांच्या पत्नी. त्यांचा मुलगा मोरीस काँगोत मरण पावला होता. त्याच्याशी जिचे लग्न ठरले होते ती तरुण मुलगी, मार्थ बेरो, आता माध्यम म्हणून पडद्याआड बसे. शोकाने पोळलेले आईवडील, होऊ न शकलेली सून, आणि तिच्या तोंडून परलोकाशी बोलणे. या घरात संशय बोलून दाखवायला दगडाचे काळीज हवे होते आणि रिशे सज्जन गृहस्थ होते.

पडद्यातून प्रकट होई ‘बियँ बोआ’. हा कोण? तर सुमारे तीनशे वर्षांपूर्वी गोवळकोंड्यात होऊन गेलेला हिंदू ब्राह्मण. वेश : पांढरा पायघोळ अंगरखा, दाढीमिशा आणि डोक्यावर शिरस्त्राण.

भारतीय नवशिक्यांना इथे युरोपीय तज्ज्ञांपेक्षा थोडी सवलत आहे. ब्राह्मणाच्या डोक्यावर शिरस्त्राण का, हा प्रश्न आपल्याला आपोआप सुचतो. तीनशे वर्षांपूर्वी म्हणजे कुतुबशाहीचा काळ, हैदराबादेत चारमिनार उभा राहून जेमतेम पंधरा वर्षे झालेली. अशा माणसाला गोत्र विचारावे, शाखा विचारावी, संध्या कशी करता ते विचारावे, तेलुगूत एक-दोन वाक्ये बोलायला सांगावे. आणि वाईट वाटून घेऊ नका असे म्हणत ‘बियँ बोआ’ हे पाळण्यातले नाव कोणत्या नक्षत्राचे, तेही विचारून घ्यावे. एवढ्यावर कुठलाही आत्मा पडद्याआड जाऊन बराच वेळ बाहेर येणार नाही.

रिशे मात्र शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. त्यांना आडनाव, गोत्र यांत रस नव्हता, त्यांना फुप्फुसांत रस होता. त्यांनी बरोबर बॅरिटाचे पाणी आणले होते, म्हणजे बेरियम हायड्रॉक्साइडचे निवळ द्रावण. शाळेच्या प्रयोगशाळेत नळीने चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, तोच हा प्रयोग. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पाणी पांढरे होते. नळी बियँ बोआच्या तोंडाशी दिली गेली. बुडबुड्यांचा आवाज आला. पाणी पांढरे झाले. मंडळींनी आनंदाने ‘ब्राव्हो’चा गजर केला. आणि तीनशे वर्षांचा तो आत्मा, टाळ्या मिळालेल्या नटासारखा, तीनदा पडद्याबाहेर आला आणि तीनदा लवून गेला.

हा प्रसंग रिशेंनी स्वतःच लिहून ठेवला आहे, लपवला नाही. प्रयोग म्हणून त्यात खोट काढायला जागा नाही. द्रावण बरोबर होते, नळी बरोबर होती, आणि उत्तरही बरोबर आले : जे काही पडद्याआडून बाहेर येते ते तुमच्या-आमच्यासारखे श्वास घेते. या उत्तरापुढे दोन वाटा फुटत होत्या. एक, परलोकातून आलेल्या आकृतीला फुप्फुसे फुटतात. दुसरी, आकृतीला फुप्फुसे जन्मापासूनच आहेत. कोणती वाट धरायची हे बॅरिटाचे पाणी सांगत नाही.

असाच दुसरा नमुना केसांचा. याच घरात एक देखणी इजिप्शियन राणीही प्रकट झाली आणि रिशेंना तिच्या केसांची बट कापून घेता आली. बट त्यांनी जपून ठेवली. सूक्ष्मदर्शकाखाली केस खरे निघाले, मऊ, रंग न लावलेले. अशा केसांचा टोप करायचा तर हजार फ्रँक पडतील अशी चौकशीही करून झाली. मार्थचे केस मात्र काळेभोर आणि आखूड. म्हणजे केस तिचे नव्हेत. टोप म्हणावा तर फार महाग. उरली राणी.

प्रयोगवहीत नोंद करताना नवशिक्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा. आधी भुताचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावा, मग तो अस्सल मानवी निघाला की भूत अस्सल ठरवावे.

पायरी ७ : उघडे पडल्यावर गांगरू नका

प्रत्येक संशोधकावर ही वेळ येते. रिशेंचा अहवाल छापून आल्यावर अल्जीयर्समध्ये आरेस्की नावाचा माणूस पुढे आला. जनरलसाहेबांनी कामावरून काढून टाकलेला हा गाडीवान म्हणू लागला की पांढरी चादर पांघरून भूत मीच व्हायचो. मार्सो नावाच्या एका वकिलाने सांगितले की मार्थने आपल्याजवळ सगळे सोंग असल्याची कबुली दिली आहे. फोटो निरखणाऱ्यांनी दाखवले की खुर्चीत बसलेल्या मार्थच्या पोशाखाची बाही आत हात नसल्यासारखी सपाट दिसते.

उत्तरे तयार ठेवावीत. गाडीवान? नोकरीवरून काढलेला माणूस, सूड उगवतोय. कबुली? बिचारीवर दडपण आले असेल. बाही? अंगातले द्रव्यच तर भुताच्या देहासाठी खर्ची पडते, हात हलका होणारच. असे एकही उत्तर अशक्य नाही. मात्र तिन्ही एकाच वेळी मान्य करताना पाठीचा कणा जरा वाकवावा लागतो.

मार्थ बेरो पुढे पॅरिसला गेली आणि ‘एव्हा सी.’ या नावाने नव्याने प्रकटली. तिला आता म्युनिकचे डॉक्टर आल्बेर्ट फॉन श्रेंक-नोट्झिंग तपासू लागले. हेही संमोहनाच्या दारानेच आत आलेले. वर्तमानपत्रे वाचून साक्षीदारांच्या आठवणी कशा बिघडतात, न पाहिलेले पाहिल्यासारखे कसे वाटते, याची साक्ष त्यांनी १८९६ मध्ये म्युनिकच्या एका खून खटल्यात दिली होती. त्यांनी पडद्याभोवती अनेक कॅमेरे लावले आणि १९१३ मध्ये फोटोंनी भरलेला जाडजूड ग्रंथ काढला. एका फोटोत एव्हाच्या डोक्यावरच्या ‘द्रव्या’वर छापील अक्षरे दिसत होती. ती ‘ल मिरवार’ या फ्रेंच सचित्र साप्ताहिकाच्या नावातली निघाली. भुतांचे चेहरेही त्याच साप्ताहिकातून आलेले. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन आणि फ्रान्सचे अध्यक्ष प्वँकारे जिवंत असताना, थोड्या रंगरंगोटीनंतर, परलोकातून आले होते.

यावरचे उत्तर अभ्यासक्रमातले सर्वांत अवघड आहे. बाईंनी ते साप्ताहिक कधी तरी चाळले असेल, आणि त्यांच्या सुप्त मनाने ती चित्रे द्रव्यात साकारली असतील. हे उत्तर तोंडपाठ झाले की तुम्हाला कोणीही, काहीही दाखवून चुकीचे ठरवू शकणार नाही. अर्थात त्याच दिवशी तुमचे काही शिकणेही बंद होते.

पायरी ८ : नाव द्या, संस्था काढा, ग्रंथ लिहा

ज्याला नाव आहे ते अस्तित्वात आहे असे लोक धरून चालतात. माध्यमाच्या अंगातून निघणाऱ्या त्या पांढऱ्या पदार्थाला ‘एक्टोप्लाझम’ हे नाव रिशेंनीच दिले. नाव इतके वैद्यकीय आहे की त्याची लघवीसारखी तपासणी होत असेल असे वाटावे. १९०५ मध्ये ते लंडनच्या सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि या साऱ्या अभ्यासाला त्यांनी ‘मेटासायकिक’ म्हटले. १९१९ मध्ये पॅरिसमध्ये खास संस्था उभी राहिली आणि डॉक्टर ग्युस्ताव्ह जेले तिचे संचालक झाले. १९२२ मध्ये रिशेंनी या विषयावरचा भला मोठा ग्रंथ लिहून विज्ञान अकादमीपुढे ठेवला. त्याच वर्षी सोर्बॉनच्या प्राध्यापकांनी एव्हाच्या बैठका घेतल्या आणि पाहण्यासारखे काही न दिसल्याचा अहवाल दिला.

जेले आणि रिशे गाफील नव्हते, हेही शिकून घ्या. पोलिश माध्यम क्लुस्कीच्या बैठकांत आत्म्याने वितळलेल्या मेणात हात बुडवून मेणाचा साचा मागे ठेवायचा असे. साचा बाहेरून आणला जाऊ नये म्हणून दोघांनी मेणात गुपचूप कोलेस्टेरॉल मिसळून ठेवले. युक्ती नामी होती. मेण बदलले गेले नाही हे तिने सिद्ध केले. हात कोणाचा होता हे कोलेस्टेरॉलला विचारता येत नव्हते.

शंकासमाधान

*प्रश्न :* रिशेंचा आत्म्यांवर विश्वास होता का?
*उत्तर :* नव्हता, आणि गंमत तिथेच आहे. मेल्यावर माणूस उरतो हे त्यांना पटत नव्हते आणि त्यावरून लॉज यांच्याशी त्यांचा आयुष्यभर गोड वाद चालला. त्यांच्या मते हे सगळे जिवंत माणसाच्याच अंगातल्या अनोळखी शक्तीचे काम होते. आपण भोळे नाही याची खात्री पटवून घ्यायला एवढा संशय पुरेसा होता. भोळेपणा राहिला तो दुसरीकडे, समोरच्या माणसाबाबत.

*प्रश्न :* डॉक्टरच का फसतात?
*उत्तर :* समुद्रफूल खोटे बोलत नाही. नेपच्यूनने मरण्याचे सोंग केले नव्हते. प्रयोगशाळेत निसर्ग अवघड असतो, पण लबाड नसतो. पडद्याआडून येणाऱ्या माणसाला मात्र तुमची बाटली, तुमचा कॅमेरा आणि तुमची सज्जनता, तिन्ही माहीत असतात. त्याच्याशी गाठ पडते तेव्हा शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकापेक्षा जत्रेतला हातचलाखीवाला जास्त कामाचा.

*प्रश्न :* एका विषयात थोर असलेल्या माणसाचे बाकीच्या विषयांत ऐकावे का?
*उत्तर :* रिशेंनी १९१९ मध्ये माणसांच्या ‘निवडी’वर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात वंशांची उतरंड लावली, काहींना हीन ठरवले, आणि दुबळ्यांची पैदास थांबवावी असे सुचवले. ते सुप्रजननवाद्यांच्या फ्रेंच संस्थेचे अध्यक्षही होते. बियँ बोआवरच्या विश्वासाने कोणाचे नुकसान झाले नाही. वंशांच्या उतरंडीवरच्या विश्वासाने पुढे युरोपात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १९१९ मध्येच त्यांनी माणसाच्या मूर्खपणावरही एक पुस्तक प्रसिद्ध केले होते.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा : भुताने फुंकर मारली, पाणी पांढरे झाले, म्हणून ______. (दोन वेगवेगळी उत्तरे लिहा. एकच सुचल्यास पायरी ६ पुन्हा वाचा.)

२. कारणे द्या : नोकरीवरून काढलेल्या गाडीवानाचा शब्द खोटा धरला जातो, हजार फ्रँकच्या टोपाचा मात्र खरा.

३. कृती : एका मित्राचा हात दिवे मालवून दहा मिनिटे धरून ठेवा. नंतर तो डावा होता की उजवा ते शपथेवर सांगा.

४. तुलना करा (सक्तीचा प्रश्न) : नेपच्यून आणि बियँ बोआ या दोघांनीही रिशेंना सिद्धांताविरुद्ध काहीतरी दाखवले. रिशेंनी दोघांवर सारख्याच धैर्याने विश्वास ठेवला. मग एकाला नोबेल आणि दुसऱ्याला नुसत्या टाळ्या का?

नमुना उत्तर : धैर्य दोन्हीकडे सारखेच होते, म्हणून फरक धैर्यात शोधू नये. नेपच्यूनचा प्रयोग दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कुत्र्यावर, रिशेंचे नाव न ऐकलेल्या माणसाने केला तरी तेच होत होते. बियँ बोआला मात्र व्हिला कार्मेनच लागे, तोच पडदा लागे, मार्थच लागे आणि रिशेंसारखे सभ्य पाहुणे लागत. कोविडची लस घेतल्यावर केंद्रावर आपल्याला अर्धा तास बसवून ठेवत, आणि कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनॅलिनची कुपी तयार असे, ती अ‍ॅनाफायलॅक्सिसच्या धास्तीने. त्या खुर्चीत बसलेल्यांपैकी फारच थोड्यांनी रिशेंचे नाव ऐकले असेल, आणि ते ऐकण्याची गरजही नव्हती. गोवळकोंड्याच्या ब्राह्मणासाठी मात्र आज कुठल्याही दवाखान्यात खुर्ची राखून ठेवलेली नाही.

(गुण १०. रिशेंना मूर्ख म्हणणाऱ्यास शून्य.)